बंदुकीचा वाटा

लग्न होऊन मी महाडातून कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत आले, तेव्हा मला बंदुकीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. आमच्या माहेरी भिंतीवर कॅलेंडर असायचं. इथे माजघराच्या भिंतीवर दुनळी बंदूक टांगलेली होती. पहिल्याच आठवड्यात झाडताना केरसुणीचं टोक तिला लागलं, तर सासरे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

परवाना माणसाच्या नावावर असला तरी आमच्या वाडीत बंदूक घराची समजत. तीनच घरांत बंदुका होत्या. नाचणी भरू लागली की त्या घरांनी पाळीपाळीने डोंगरावरच्या माळ्यावर, म्हणजे लाकडी मचाणावर, बसायचं आणि सगळ्यांची शेतं राखायची, दिवसा वानरांपासून, रात्री डुकरांपासून. कधी डुक्कर पडलं तर वाटे होत. रान उठवायला हाका घालणाऱ्यांचा वाटा, कुत्र्याचा वाटा, आणि बंदुकीचा वेगळा वाटा. तो बंदुकीच्या प्रत्येक घरी जायचा. त्या दिवशी घरचा माणूस अंथरुणाला खिळलेला असला तरी जायचा. फक्त घर पाळी धरणारं हवं. निम्मी वाडी मुंबईला, दारांना कुलपं. कुलपाच्या घराला ना पाळी, ना वाटा. त्या घरांचं नाव निघालं की म्हातारी माणसं नुसती मान हलवायची.

सासरे गेल्यावर परवाना माझ्या नवऱ्याच्या नावावर झाला. ते पोलादपूरला कचेरीत कारकून होते. शनिवारी घरी आले की पँट काढून खुंटीला, अर्धी चड्डी चढवली की बंदूक खांद्याला आणि चालले वर. खरं सांगायचं तर त्यांचा नेम यथातथाच होता. मी म्हणायची, तुम्हाला डुकरं नावानिशी ओळखतात, वाटेत भेटली तर रामराम करत असतील. ते हसायचे. येताना कधी करवंदं आणायचे, कधी अळंबी, कधी नुसतेच काटे टोचलेले पाय. त्यांना मारण्यापेक्षा फिरण्याचं वेड होतं. पण बंदुकीशिवाय गडीमाणूस रिकामा डोंगरात भटकतो म्हटलं तर लोक काय म्हणतील, म्हणून बंदूक. आम्हाला मूलबाळ नव्हतं. त्यांचा डोंगर त्यांना पुरत होता, आणि मला ते.

मग एका सकाळी त्यांना सदऱ्याचं बटण लावता येईना. मी लावून दिलं आणि म्हटलं, आता भरवू का? पुढे तेही करावं लागेल हे तेव्हा कुठे माहीत होतं. महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्याशी इंग्रजीत बोलून घेतलं. स्नायू वाळत जाणार, आधी हातांचे, मग बाकीचे, आणि औषध नाही. परतीच्या एसटीत त्यांनी मला त्यातलं निम्मं सांगितलं. "सावकाश येतो म्हणाले," एवढंच. निम्मं मी पुढे त्यांच्या अंगावरच वाचलं.

त्या वर्षी निवडणूक आली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलादपूरला चौकीत जमा कराव्या लागत. निकाल लागले, बाकीचे दोघे आपापल्या बंदुका घेऊन वर आले. आमचे हे मोकळ्या हातांनी आले. ओटीवर बसून म्हणाले, दुनळी आता जुनी झाली, नळीला गंज धरलाय, असू दे तिथेच. दर रविवारी माझ्या डोक्याचं खोबरेल तेल चोरून त्या नळीला कोण लावायचं ते मला माहीत होतं. गंज धरायला तिला कधी सवडच मिळाली नव्हती. कापड्याच्या थांब्यापासून वाडीपर्यंतचा चढ त्यांना ती घेऊन चढता आला नसता, इतकीच गोष्ट होती.

त्या संध्याकाळी त्यांनी नव्या बंदुकीचं काढलं. बावीस बोअरची रायफल घ्यायची. अंगाने लहान, वजनाला हलकी, नळी आणि दस्ता वेगळे होतात, दोन्ही तुकडे खांद्याच्या पिशवीत मावतात. काडतूस करंगळीच्या पेराएवढं, गोळी वालाच्या दाण्याएवढी. खांद्याला धक्का नाही, फार आवाज नाही. रानात फिरणाऱ्या माणसाला अशीच हवी. ते इतकं रंगून सांगत होते की कचेरीतला त्यांचा वाळका आवाज मला आठवेना.

वाडीतले सर्वांत वयस्क म्हातारेबुवा, ज्यांच्या शब्दावर वाटे पडायचे, त्यांना हे कळल्यावर ते तंबाखू मळत म्हणाले, "त्यानं डुक्कर नाय मराचा. डुकराला खाज येल."

"मला डुक्कर मारायचाच नाय," हे म्हणाले. "मला पाळी चुकवायची नाय."

म्हातारेबुवांनी मळलेली तंबाखू हातावरच ठेवली. पुढे त्या विषयावर त्यांनी कधी थट्टा केली नाही.

मला एकाच वेळी राग यायचा आणि रडू यायचं. मी मनात म्हणायची, माणसा, तुला भाताचा घास सावरत नाही आणि रायफली कसल्या बघतोस? पण तोंडावर म्हणायला जीभ रेटली नाही. कारण बंदूक नाही म्हणजे पाळी नाही, आणि पाळी नाही म्हणजे आमचं घर कुलपाच्या घरांत जमा. त्यांना मरणाची भीती होती की नव्हती मला सांगता येत नाही. त्या कुलपाची मात्र होती.

एकदा विहिरीवरून लवकर परत आले तर हे मागच्या पडवीत माझं मुसळ उचलून उभे. दस्त्यासारखं खांद्याला लावलेलं, दुसरं टोक जांभळीच्या दिशेला. ते टोक हळूहळू खाली येत होतं. त्यांनी दोनदा वर केलं, दोनदा खाली आलं. मी आवाज न करता मागे फिरले आणि भरली घागर घेऊन कुंपणाबाहेर उभी राहिले. मुसळ भिंतीला टेकवल्याचा आवाज आला, मग मी आत गेले. संध्याकाळी जेवताना ते सहज विचारावं तसं म्हणाले, आपलं मुसळ जरा जडच आहे, नाही का गो? मी म्हटलं, हो, जडच आहे. वर्षानुवर्षं एका हाताने कांडत होते मी त्याने.

मग आमच्या रायफली बघण्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. परवान्याचं कसं ते पुढे बघू, आधी जिन्नस पसंत पडू दे, असं त्यांचं. महाडला एका लाकूडवाल्या ठेकेदाराकडे एक होती. यांनी हातात घेतली, खांद्याला लावली, लगेच खाली ठेवली. दस्ता लांब आहे म्हणाले. बिरवाडीकडच्या एका बागाईतदाराकडे दुसरी होती. तिचा दस्ता आखूड, पण चाप कडक निघाला. तिसऱ्या एकीची तर पट्ट्याची कडीच त्यांना आवडली नाही. मुलगी बघायला जाणारे जसे मुलीत खोड काढतात, तसं चाललं होतं. फरक इतकाच की इथे नकार कुणाचा आणि कुणाला, हे आम्हा दोघांना कळत होतं आणि दोघंही ते कळू देत नव्हतो. दर खेपेला त्यांना मागच्यापेक्षा हलकी बंदूक हवी असायची. मी त्यांचा डबा, पाण्याची बाटली, छत्री धरून मागे उभी असायची. ठेकेदाराच्या बायकोने मला आत बोलावून विचारलं, भावोजींना बरं नाही का? मी म्हटलं, रानातली माणसं, उन्हाने रापलेत.

शेवटी कुणीतरी महाडजवळच्या एका निवृत्त सुभेदारांचं नाव सांगितलं. त्यांच्याकडे नेमकी तशी होती, दोन तुकड्यांची, पिशवीत मावणारी. त्यांच्याकडे जायच्या दिवशी आधी आम्ही सवच्या उन्हाळ्यांवर, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवर, गेलो. त्या कढत पाण्याने हातपाय सुटतात, असं माझी आई म्हणायची. हे कुंडाच्या काठावर बसले आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात सोडले. बाजूला खरूज झालेली, सांधे धरलेली माणसं. पाण्याला गंधकाचा वास. मी त्यांची बोटं पाण्यातल्या पाण्यात चोळत होते. अंगठ्याच्या मुळाशी जिथे मांस असतं, तिथे खळगा पडला होता. "बरं वाटतंय," ते म्हणाले. मलाही क्षणभर तसंच वाटलं. माणूस किती वेडं असतं.

सुभेदार पिळाच्या मिश्यांचे, ताठ कण्याचे. आत जाऊन त्यांनी खाकी जाड कापडाची पिशवी आणली. तिच्यातून नळी काढली, दस्ता काढला, एक मळसूत्र फिरवलं आणि रायफल तयार झाली. लाकूड आरशासारखं पुसलेलं. पलटणीत नेमबाजीत मिळवलेली बक्षिसं त्यांनी दाखवली नाहीत, पण ती मागच्या फळीवर अशी मांडली होती की न बघून चालणार नव्हतं. हत्यार म्हणजे त्यांचा प्राण होता. विकायची होती, कारण डोळे अधू झाले. एखाद्या जाणत्या माणसाच्या हातात जावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

यांनी ती घेतली. मी इतक्या बंदुका बघितल्या होत्या की एव्हाना मलाही कळलं, हीच ती. तितकीच लहान, तितकीच हलकी, जशी ते वर्षभर हवेत हातांनी काढून दाखवत होते तशी. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी ती खांद्याला लावली, गाल टेकवला, डोळा मिटला. नळी क्षणभर सरळ राहिली आणि मग वाकू लागली. दंडाची शीर तटतटून आली. नळी खाली खाली येत सुभेदारांच्या जमिनीवर पोचली.

यांनी रायफल मांडीवर घेतली. टोकाशी नेम धरायला बारीक माशी असते, तिच्यावरून अंगठा फिरवला.

"माशी तिरकी आहे," ते म्हणाले.

त्या माणसाच्या हत्याराला असं म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं होतं. सुभेदारांनी यांच्याकडे बघितलं, मग यांच्या हातांकडे. बराच वेळ बघत राहिले.

"होय, तिरकीच हाय," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांना दिसली नाय. बरा झाला तुम्ही सांगितलात."

आणि त्यांनी रायफल अलगद काढून घेतली, पुन्हा तिचे दोन तुकडे केले आणि आत ठेवली. आम्हाला जेवायचा आग्रह केला. निघताना ते यांच्यासमोर ताठ उभे राहिले आणि त्यांनी कडक सलाम ठोकला. एका कारकुनाला. मी आजही त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडते.

महाडच्या स्टँडवर पोलादपूरच्या गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो होतो. त्यांनी चहा घेतला नाही, कारण कपबशी मला धरावी लागली असती आणि समोर कचेरीतला ओळखीचा शिपाई उभा होता.

"माशी तिरकी नव्हती," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"दस्तापण लांब नव्हता गो. आणि आपल्या दुनळीला गंज नाय."

"तेही माहीत आहे."

ते स्टँडच्या पत्र्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता तू शोध. माझ्यानं उचलंल अशी."

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिलीच वस्तू. भाजीत मीठ कमी असलं तरी न मागणारा माणूस.

मी गाडी जाऊ दिली. त्यांना बाकावर बसवून बाजारपेठेत गेले आणि विचारत विचारत एका दुकानात पोचले. तिथे पितळी भांडी, कंदील आणि कुलपं असायची. वर टांगलेली एक छर्‍याची बंदूक होती. जत्रेत फुगे फोडायला असते तशी, त्यातलीही लहान. तिला परवाना लागत नव्हता. दुकानदार म्हणाला, मुलाला हवी का? मी हो म्हटलं आणि यांना घेऊन आले. त्यांनी दुकानाच्या फळीवर कोपर टेकवलं. मी दस्ता खांद्याशी लावून दिला. ती राहिली. जेमतेम, पण राहिली.

"ही," ते म्हणाले. एकही खोड न काढता घेतलेली ती पहिली बंदूक.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांच्याही लक्षात आली नव्हती. त्या बंदुकीत दर वेळी वारा भरावा लागतो. नळी मधोमध मोडून खाली दाबायची, छर्रा घालायचा, परत सरळ करायची, आणि त्याला चांगली ताकद लागते. ती ताकद माझ्या हातांत होती, मुसळाची कमाई. मग असं ठरलं की मी बंदूक भरायची आणि त्यांनी चाप ओढायचा. म्हटलं, आता तुमची दुनळी झाली, एक नळी तुम्ही, एक मी.

नाचणी भरली आणि आमच्या घरची पाळी आली. रात्रीची नको, दिवसाची द्या, असं मी म्हातारेबुवांना सांगून ठेवलं होतं. ते डोली पाठवतो म्हणाले. हे म्हणाले, डोलीतून आजारी माणसं जातात, पाळीवाला चालत जातो. गेले चालत. वाटेत किती वेळा बसले ते मी मोजलं नाही. माळ्याची शिडी चढताना मी खालून त्यांचे पाय एकेका पायरीवर ठेवत गेले.

वर बसल्यावर ते सगळ्या डोंगराकडे असे बघत होते की मी दुसरीकडे तोंड केलं. उमरठच्या बाजूला ढगांच्या सावल्या सरकत होत्या. दुपारी वानरं उतरली. मी गोधडीची घडी करून त्यांच्या कोपराखाली ठेवली, बंदूक मोडली, छर्रा घातला, नळी सरळ केली आणि डावीकडे त्यांच्या हातात दिली. दोन बोटांनी त्यांनी चाप ओढला. टप्प झालं. एका वानराने मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा कणीस ओरबाडायला लागलं. आम्ही दोघंही इतकं हसलो की शेवटी त्या हसण्यालाच घाबरून वानरं पळाली. ते वर्ष कसं काढलं असं कुणी विचारलं, तर ती एक दुपार होती असं मी सांगते.

पुढे कापणीच्या तोंडाला दुसऱ्या घरच्या बंदुकीने डुक्कर पाडलं. बातमी सकाळीच आली. त्या दिवशी त्यांनी मला ओटीवर बसवायला सांगितलं आणि तिथून हलले नाहीत. मला कळत होतं ते कशाची वाट बघतायत. छर्‍याच्या बंदुकीला कुणी बंदूक म्हणतं का? वाटा नाही आला तर अख्ख्या वाडीला नावं घेऊन शिव्या द्यायच्या, हे मी भाकऱ्या थापता थापता ठरवून टाकलं होतं.

ऊन कलल्यावर म्हातारेबुवा स्वतः आले. सागाच्या पानात बांधलेला पुडा त्यांनी माझ्या हातात दिला नाही. ओटीवर यांच्यासमोर ठेवला.

"बंदुकीचा वाटा," ते म्हणाले.

"बंदूक कसली. खेळणा हाय तो."

"पाळी बसलास ना? मंग झाला."

यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांना हात उचलून ते पुसता येत नव्हतं. मीही पुसलं नाही. म्हातारेबुवांसमोर मी पुसलेलं त्यांना आवडलं नसतं. म्हातारेबुवा अंगणाकडे बघत बसले, आणि पाणी आपोआप वाळल्यावर उठून गेले. तोवर यांना घास गिळणं जड झालं होतं. मी नुसता रस्सा करून चमच्याने पाजला. दोन चमचे घेतले आणि तिखट कमी आहे म्हणाले. म्हणाले एकदाचे.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. त्याआधीचे महिने मला लिहायचे नाहीत.

दीर मुंबईहून आले, दिवसकार्य झालं. चौकीतली दुनळी सरकारजमा करायला मी त्यांच्याबरोबर पोलादपूरला गेले. पोलिसाने ती काढून टेबलावर ठेवली. नळीला खोबरेलाचा वास आला असं मला वाटलं, पण तो भासच असणार. दीर म्हणाले, वहिनी, आता इथे कुणासाठी राहायचं, घराला कुलूप लावू आणि चला मुंबईला. ते वाईट मनाने म्हणत नव्हते. त्यांनी कुलूपसुद्धा आणलं होतं, मोठं, पितळी. मी ते फडताळात ठेवलं आणि भात कापून झाल्यावर बघू म्हटलं.

नाचणी भरली तसे म्हातारेबुवा अंगणात आले. बसले नाहीत. म्हणाले, "सूनबाई, उद्या तुमच्या घरची पाळी. नाय जमला तर माझा पोरगा बसंल."

"जमेल," मी म्हटलं.

सकाळी भाकरी बांधून घेतली, छर्‍याची बंदूक घेतली आणि चढले. एकटीला ती वाट फार लांबची नाही, हे मला तेव्हा कळलं आणि वाईट वाटलं. माळ्यावर गोधडी तशीच घडी करून ठेवली. कशाला ठेवली, सांगता येत नाही. दुपारी वानरं उतरली. मी बंदूक मोडली, छर्रा घातला, नळी सरळ केली आणि डावीकडे धरली. धरूनच राहिले. ती घ्यायला तिथे कुणी नव्हतं. आता चापही मलाच ओढायचा होता.